बासची मासेमारी: पाण्याचा अंदाज, साहित्याची निवड आणि होडीची निगा

कोणते आमिष लावावे, हा प्रश्न बासच्या मासेमारीत तिसऱ्या क्रमांकावर यावा. पाण्याचे तापमान किती आहे, हा पहिला प्रश्न. त्या तापमानाला मासा किती खोलीवर आणि कशाच्या आडोशाला थांबला असेल, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे ठरली की पेटीतली बहुतेक आमिषे आपोआप बाद होतात आणि उरलेल्या दोन-तीन आमिषांमध्ये निवड करणे सोपे जाते. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. गळाला लागलेला मासा सुटतो किंवा ठरवलेला दिवस वाया जातो, तो बहुधा घाईत बांधलेली गाठ, बोथट गळ, अर्धवट चार्ज झालेली बॅटरी अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमुळे. त्यामुळे पुढील मजकुरात महागड्या साहित्याच्या वर्णनापेक्षा या गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

बास म्हणताना येथे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ या उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या दोन जाती अभिप्रेत आहेत. तोंड मिटलेले असताना वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जात असेल तर तो लार्जमाउथ, आणि ते डोळ्याच्या खालीच थांबत असेल तर स्मॉलमाउथ समजावा. लार्जमाउथच्या कुशीवर काळसर आडवा पट्टा असतो, तर स्मॉलमाउथच्या अंगावर उभे, तपकिरी पट्टे दिसतात. ही ओळख पटवण्याचे कारण असे की दोघांच्या जागा वेगळ्या असतात: लार्जमाउथ संथ व उबदार पाण्यात, पाणवनस्पती आणि बुडालेल्या झाडांच्या आडोशाला राहतो, तर स्मॉलमाउथला खडकाळ तळ, गोटे आणि तुलनेने थंड, काहीसे वाहते पाणी मानवते. माणसाने नेऊन सोडल्यामुळे लार्जमाउथ आता जगात अनेक ठिकाणी आढळतो. त्याचा जागतिक विक्रमही दोन खंडांत विभागला गेला आहे. जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणि मानाबू कुरिता यांनी २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात धरलेले मासे प्रत्येकी दहा किलोंहून थोडे अधिक वजनाचे होते. कुरितांचा मासा किंचित जड भरला, परंतु विक्रम मोडण्यासाठी नियमानुसार जेवढा फरक लागतो तेवढा तो नव्हता, म्हणून दोन्ही विक्रम बरोबरीचे मानले जातात.

पाणी वाचणे

बास शीतरक्ताचा असल्याने त्याची भूक, चपळाई आणि मुक्काम हे सारे पाण्याच्या तापमानाबरोबर बदलते. त्यामुळे साधा तापमापकदेखील होडीतल्या सर्वांत उपयोगी साधनांपैकी एक ठरतो. हिवाळ्यानंतर पाणी दहा अंश सेल्सिअसच्या वर चढू लागले की मासे खोल पाण्यातून उथळ भागाकडे सरकतात, मात्र ते एका दमात काठाशी येत नाहीत. खोल पाण्यातून उथळ खाडीत शिरताना वाटेत जे उंचवटे, उतार किंवा पहिली दाट वनस्पती लागते तेथे ते रेंगाळतात, आणि वर्षातले सर्वांत जड मासे याच काळात याच ठिकाणी हाती लागण्याची शक्यता असते, कारण माद्यांच्या पोटात अंडी असतात.

पाणी साधारण सोळा अंशांवर पोहोचल्यावर लार्जमाउथचा प्रजननकाळ सुरू होतो. नर शेपटीने तळ झाडून वाटोळे घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि अंड्यांची व नंतर पिलांची राखण नर एकटाच करतो. निवळ पाण्यात ही घरटी काठावरून फिकट चकत्यांसारखी दिसतात आणि घरट्यावरचा नर भूक नसतानाही आमिषावर तुटून पडतो, म्हणून तो धरणे फारसे अवघड नसते. तरीही त्याला धरून होडीतल्या मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीत ठेवणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राखणदार दूर होताच ब्लूगिलसारखे छोटे मासे काही मिनिटांत घरट्यावर येऊन अंडी फस्त करतात. धरलाच तर त्याला त्याच जागी ताबडतोब सोडावे.

उन्हाळ्यात खोल तलावाच्या पाण्याचे थर पडतात. वर उबदार पाणी, तळाशी थंड पाणी आणि या दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ थर असतो. तळाच्या पाण्यात वरून प्राणवायू मिसळत नसल्याने उन्हाळा सरता सरता तेथे बहुधा मासा तग धरू शकत नाही. सोनारची (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाची) संवेदनशीलता वाढवली तर हा मधला थर पडद्यावर धूसर, आडव्या पट्ट्यासारखा उमटतो. तो पाच मीटरवर दिसत असेल तर आठ मीटर खोलीवरचा कितीही देखणा उंचवटा सोडून द्यावा आणि पाच मीटरच्या वरच, पण खोल पाण्याला लागून असलेल्या जागा शोधाव्यात. पहाटे आणि संध्याकाळी हेच मासे भक्ष्यामागे उथळ भागात येतात, दिवस चढला की सावलीत किंवा दाट वनस्पतीच्या छताखाली जातात. शरद ऋतूत पाणी थंडावू लागले की छोट्या माशांचे थवे खाड्यांच्या आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग बासही येतो. या दिवसांत काठापेक्षा थव्यांचा माग काढणे अधिक फलदायी असते. कडाक्याच्या थंडीत तो तीव्र उताराच्या पायथ्याशी जवळजवळ स्थिर राहतो. मग आमिष इतके हळू ओढावे लागते की नवख्याला त्याचा कंटाळा येतो.

वाऱ्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. होडी सांभाळणे सोपे जाते म्हणून अनेक जण वाऱ्याच्या आडोशाचा काठ धरतात, परंतु अन्नसाखळी विरुद्ध काठाला जमत असते. वारा सूक्ष्म जीवांना एका बाजूला लोटतो, त्यांच्यामागे छोटे मासे येतात, लाटांमुळे पाणी किंचित गढूळ होऊन प्रकाश कमी होतो आणि बासला दबा धरणे सोपे जाते. सुरक्षितपणे उभे राहता येण्याजोगा वारा असेल तर त्याचा मारा होणारा काठच निवडावा. याउलट थंड हवेची लाट येऊन गेल्यावर आकाश स्वच्छ आणि हवा शांत असते तेव्हा मासा आडोशाला चिकटून बसतो. अशा दिवशी लहान आमिष, बारीक दोरा आणि संथ चाल यांखेरीज फारसे काही चालत नाही.

थोडकी आमिषे, पण पक्की हातवळणीची

नवशिक्याने चार-पाच प्रकारांवरच सुरुवात करावी: मऊ प्लास्टिकचा किडा, जिग (वजनदार डोक्याचा गळ), स्पिनरबेट (फिरत्या धातूच्या पात्यांचे आमिष), मध्यम खोलीचा क्रँकबेट (पुढे जीभ असलेले, ओढले की बुडणारे माशासारखे आमिष) आणि पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारे एखादे आमिष. स्पिनरबेट आणि क्रँकबेट हे मासे शोधण्यासाठी, कारण त्यांनी थोड्या वेळात पुष्कळ पाणी पालथे घालता येते. किडा आणि जिग हे सापडलेल्या जागेवर सावकाश काम करण्यासाठी. क्रँकबेट किती खोल जाईल हे त्याच्या पुढच्या जिभेच्या लांबीवर अवलंबून असते. लांब फेक आणि बारीक दोरा यांमुळे ते आणखी खाली उतरते. ते अधूनमधून दगडावर किंवा लाकडावर आपटले पाहिजे. आपटून दिशा बदलते त्या क्षणीच बहुतेक मासे झडप घालतात, म्हणून मोकळ्या पाण्यातून सफाईने परत येणाऱ्या क्रँकबेटचा उपयोग कमीच होतो.

रंगांबद्दल फार डोके चालवू नये. निवळ पाण्यात भक्ष्याशी मिळतेजुळते, अर्धपारदर्शक रंग आणि गढूळ पाण्यात काळा-निळा किंवा भडक पिवळा-हिरवा, एवढे धोरण बहुतेक दिवस पुरते. गढूळ पाण्यात दृष्टीपेक्षा कंपने महत्त्वाची ठरतात, कारण मासा कुशीवरच्या संवेदनरेषेने ती टिपतो. म्हणून तेथे गोल पात्याचा स्पिनरबेट, आणि निवळ पाण्यात कमी कंपने व जास्त चमक देणारा लांबट पात्याचा स्पिनरबेट लावावा.

एकच जुळणी नीट शिकायची असेल तर ती टेक्सास रिग असावी. गोळीच्या आकाराचे वजन, निमुळते टोक रॉडच्या बाजूला ठेवून, दोऱ्यात ओवावे आणि रुंद वळणाचा गळ बांधावा. गळाचे टोक किड्याच्या डोक्यातून साधारण अर्धा सेंटिमीटर आत घालून बाजूने बाहेर काढावे, गळ पुढे ओढून त्याची मान डोक्यात बसवावी, मग गळ अर्धा वळवून टोक किड्याच्या अंगात पुन्हा असे रुतवावे की ते पाठीपर्यंत येईल पण बाहेर डोकावणार नाही. किडा सरळ लोंबला पाहिजे. तो वाकडा बसला असेल तर पाण्यात गरगर फिरतो, दोऱ्याला पीळ पडतो आणि मासाही फिरकत नाही. अशा वेळी पुन्हा काढून बसवणे हाच उपाय. फेकल्यावर आमिष तळापर्यंत जाईस्तोवर दोरा किंचित सैल ठेवावा आणि नजर दोऱ्यावरच ठेवावी, कारण बहुसंख्य मासे ते खाली उतरत असतानाच तोंडात घेतात आणि हाताला काहीही जाणवत नाही. दोरा अचानक थांबला, बाजूला सरकला किंवा अपेक्षेपेक्षा लवकर ढिला पडला तर मासा लागला असे धरून चालावे.

मासे चिडखोर नसतील तेव्हा ड्रॉप शॉट वापरून पाहावा. यात वजन दोऱ्याच्या अगदी टोकाला असते आणि त्याच्या पंधरा ते पंचेचाळीस सेंटिमीटर वर बारीक गळाला छोटा किडा टोचलेला असतो. वजन तळावर ठेवून दोरा फक्त थरथरवला की किडा एकाच जागी हलत राहतो. होडीच्या बरोबर खाली, सोनारवर दिसणाऱ्या माशांसाठी यापेक्षा सोपी पद्धत नाही.

मासा लागल्यावरचा झटका सर्व आमिषांना सारखा देऊ नये. टेक्सास रिगमध्ये गळ आधी प्लास्टिक फोडून मग जबड्यात रुतायचा असतो, म्हणून ढील गोळा करून जोरदार झटका द्यावा. क्रँकबेटच्या तीन टोकांच्या गळांना जोर लागत नाही. रॉड बाजूला नेत सतत ताण ठेवला की पुरे, झटक्याने उलट तोंड फाटून मासा सुटतो. पृष्ठभागावर चालणाऱ्या बेडकाच्या आकाराच्या पोकळ आमिषावर पाणी उसळताच हात उचलण्याची ऊर्मी आवरावी आणि माशाचे वजन हाताला जाणवल्यावरच झटका द्यावा.

रॉड, रीळ आणि दोरा

बासच्या मासेमारीला दोन संच पुरतात. पहिला सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर लांबीचा, मध्यम-जड ताकदीचा, टोकाकडेच वाकणारा रॉड आणि त्यावर बेटकास्टिंग रीळ (फेकताना ज्याची दोरा गुंडाळलेली फिरकी स्वतः फिरते ते). तो जिग, टेक्सास रिग आणि स्पिनरबेटसाठी. दुसरा थोडा आखूड, मध्यम ताकदीचा रॉड आणि स्पिनिंग रीळ (फेकताना ज्याची फिरकी स्थिर राहते ते). तो हलकी आमिषे आणि ड्रॉप शॉटसाठी. पुढे क्रँकबेटचा छंद लागला तर मधूनच वाकणारा मऊ रॉड तिसरा घ्यावा, कारण कडक रॉडने तीन टोकांचे गळ निसटतात.

बेटकास्टिंग रिळावर दोऱ्याचा गुंता होतो तो आमिषाचा वेग कमी झाला तरी फिरकी त्याच वेगाने फिरत राहिल्यामुळे. आमिष बदलले की प्रत्येक वेळी बाजूचा ताणखटका असा लावावा की अंगठा सोडल्यावर आमिष सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबेल. सुरुवातीला ब्रेक जास्त ठेवावा, सराव झाला की कमी करत जावा, आणि आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा फिरकीवर हलकेच दाबावा. ही अंगठ्याची सवय लागेपर्यंत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फेकू नये. स्पिनिंग रिळाचा शत्रू निराळा: दोऱ्याचा पीळ. मासा दोरा ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिल्यास प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात पीळ पडत जातो, म्हणून ड्रॅग (ठराविक ताणाला दोरा सुटू देणारा रिळातला ब्रेक) घसरत असताना हात थांबवावा. फिरकी काठोकाठ न भरता कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर रिकामी ठेवावी.

दोऱ्याचे तीन प्रकार तीन कामांचे आहेत. साधा नायलॉन ताणला जातो आणि हळूहळू बुडतो, त्यामुळे तो पृष्ठभागावरच्या आमिषांना चांगला. फ्लुओरोकार्बन जड असल्याने बुडतो, कमी दिसतो आणि घासला गेला तरी टिकतो, म्हणून तळावरच्या कामाला तोच घ्यावा. विणलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही आणि जाडीच्या मानाने अतिशय मजबूत असतो. घनदाट वनस्पतीतून मासा ओढून काढायला त्याला पर्याय नाही, पण निवळ पाण्यात त्याच्या पुढे फ्लुओरोकार्बनचा मीटर-दीड मीटर तुकडा जोडावा. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते एक-तृतीयांश ताणावर घसरेल असा लावावा. तो बोटाने ओढून अंदाज न घेता रॉडच्या टोकापलीकडे वजनकाटा अडकवून एकदा मोजून पाहावा, म्हणजे हाताला त्या ताणाची ओळख होते.

गाठी दोनच शिकाव्यात, पण अंधारातही बांधता येतील इतक्या पक्क्या. गळ बांधायला पालोमर आणि दोन दोरे जोडायला दुहेरी युनी. पालोमरमध्ये दोऱ्याची दुहेरी घडी गळाच्या डोळ्यातून काढून साधी गाठ मारायची आणि उरलेल्या फासातून संपूर्ण गळ ओवून घ्यायचा. घट्ट करण्यापूर्वी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमकुवत होतो आणि फ्लुओरोकार्बनमध्ये हे विशेषच घडते. आवळल्यावर वेढे एकमेकांवर चढलेले दिसले तर कापून नव्याने बांधावी. प्रत्येक माशानंतर आणि खडकात अडकून सुटल्यानंतर शेवटचा हातभर दोरा दोन बोटांच्या नखांमधून ओढून पाहावा. कुठेही खरखर लागली की तेवढा भाग कापून टाकावा. गळाची धार पाहण्यासाठी त्याचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून सरकवावे. धारदार गळ लगेच रुततो, बोथट गळ घसरतो आणि तो कानशीने घासण्यापेक्षा बदलणेच श्रेयस्कर.

रॉडच्या कड्यांमधली चिनीमातीसारखी आतली चकती तडकली तर दोरा तिथे रोज थोडाथोडा कापला जातो आणि दोष दोऱ्याला दिला जातो. महिन्यातून एकदा कान साफ करण्याची कापसाची काडी प्रत्येक कड्यातून फिरवावी. कापसाचा धागा जिथे अडकेल तिथे तडा आहे. रीळ जोरदार फवाऱ्याखाली धरू नये, त्याने मळ आतच ढकलला जातो. ओल्या फडक्याने पुसावे, बेअरिंगवर तेलाचा एकच थेंब आणि दातेरी चाकांना पातळ ग्रीस द्यावे, आणि साठवताना ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, म्हणजे आतल्या चकत्या दबून बसत नाहीत. वेगवेगळ्या जातींची मऊ प्लास्टिक आमिषे एकाच कप्प्यात एकत्र टाकू नयेत, ती एकमेकांत वितळून चिकटतात. ओली आमिषे बंद पेटीत परत गेली तर एका रात्रीत सर्व गळांवर गंज पसरू शकतो, म्हणून घरी आल्यावर पेटी उघडी ठेवण्याइतका तरी वेळ काढावा. शिशाच्या वजनांऐवजी टंगस्टनची वजने महाग असली तरी घ्यावीत. तीच भर लहान आकारात मिळते, तळाचा पोत हाताला अधिक स्पष्ट कळतो आणि पाणपक्ष्यांनी शिसे गिळून मरण्याचा धोका उरत नाही.

मासा हातात आल्यावर

सोडायचा मासा ओल्या हातांनीच धरावा, कारण त्याच्या अंगावरचा चिकट थर त्याचे रोगांपासून रक्षण करतो. लहान मासा खालच्या जबड्याने उभा धरला तर चालतो, पण जड मासा जबड्याने आडवा उचलल्यास जबड्यावर सगळा भार येतो. दुसरा हात पोटाखाली द्यावा. छायाचित्राची तयारी मासा पाण्यात असतानाच करावी. गळ गळ्यात खोल गेला असेल आणि सहज निघत नसेल तर दोरा जवळून कापून मासा सोडणे ओढाताणीपेक्षा बरे. फार खोलीवरून पटकन वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो कुशीवर तरंगत राहतो, म्हणून खूप खोल पाण्यातून धरून सोडण्याचा बेत असेल तर तो सोडूनच द्यावा. होडीतली टाकी वापरायची तर पंप सतत चालू ठेवावा आणि उन्हाळ्यात बर्फाच्या बंद बाटल्यांनी पाणी थोडे थंड राखावे, मात्र तलावाच्या पाण्यापेक्षा एकदम फार थंड करू नये.

धरलेला मासा सोडणे सर्वत्र चांगले मानले जाते असे नाही. जपानमध्ये २००५ पासून लागू असलेल्या परकीय जातींविषयीच्या कायद्यानुसार लार्जमाउथची जिवंत वाहतूक करण्यास बंदी आहे, आणि बिवा सरोवराच्या स्थानिक नियमांनुसार धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडता येत नाही. अमेरिकेत मात्र अनेक ठिकाणी ठराविक लांबीचा किंवा ठराविक काळातला मासा सोडणे बंधनकारक असते. ज्या पाण्यावर जायचे त्याचे परवान्याचे, लांबीचे आणि संख्येचे नियम जाण्यापूर्वी वाचावेत.

होडीची निगा

होडी पाण्यात उतरवण्यापूर्वीची तपासणी मागच्या बुचापासून सुरू करावी. ते बसवायचे राहून गेल्यामुळे बुडणाऱ्या होड्यांची संख्या लाजिरवाणी आहे. त्यानंतर बिल्ज पंपाची (होडीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची) कळ दाबून तो फिरतो का पाहावे, इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी अंगावरच्या जाकिटाला अडकवावी आणि एकदा ओढून इंजिन खरोखर बंद होते का याची खात्री करून घ्यावी.

मासेमारी करताना होडी सावकाश हलवणाऱ्या पुढच्या विद्युत मोटारीला चालवणाऱ्या बॅटऱ्या मासेमारीच्या दिवसाचा कणा असतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली आणि मग तशीच पडू दिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. म्हणून घरी येताच, त्याच रात्री, टप्प्याटप्प्याने चार्ज करणाऱ्या चार्जरला ती जोडावी. उघडता येणारी बॅटरी असेल तर पट्ट्या बुडतील इतके ऊर्ध्वपातित पाणी घालावे, नळाचे कधीही नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जागा हवेशीर असावी आणि ठिणगी जवळ येऊ देऊ नये. टोकांवर पांढरट-हिरवट क्षार जमला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासावा, पुसून कोरडे करावे आणि जोडण्या घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी हलकी आणि टिकाऊ असते, पण तिला तिच्या योग्य चार्जरनेच आणि शून्य अंशाच्या खाली न जाता चार्ज करावे.

मोटारीच्या आणि इंजिनाच्या पंख्यामागे गुंडाळलेला मासेमारीचा दोरा हे दुरुस्तीच्या मोठ्या बिलांचे छुपे कारण आहे. बारीक दोरा दांड्याभोवती वितळून रबरी सील कापतो आणि गिअरच्या डब्यात पाणी शिरू लागते. महिन्या-दोन महिन्यांतून पंख्याचा नट काढून दांडा पाहावा, दोरा असेल तर सुरीने कापून काढावा आणि दांड्याला सागरी ग्रीस लावून पंखा परत बसवावा. पाणी शिरले आहे का हे गिअरचे तेल सांगते. इंजिन उभे ठेवून खालचा स्क्रू आणि मग वरचा स्क्रू काढला की तेल निथळते. ते नितळ सोनेरी किंवा काळपट असेल तर ठीक; दुधी, ताकासारखे दिसले तर सील गेले आहे आणि तसे चालवल्यास गिअर गंजून बाद होतील. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर राखाडी, मऊ चोथा जमणे नेहमीचे आहे, पण चकचकीत कण किंवा तुकडे दिसणे वाईट लक्षण आहे. नवे तेल वरून न ओतता खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग आधी वरचा आणि नंतर खालचा स्क्रू, दोन्ही नव्या वायसरांसह, बसवावा. शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल त्याप्रमाणे हे काम करावे.

इंजिन चालू असताना मागून पडणारी पाण्याची बारीक धार म्हणजे ते थंड होत असल्याची खूण. ती बारीक झाली तर प्रथम त्या नळीच्या तोंडात नायलॉनचा जाड दोरा घालून चिखल मोकळा करावा. तरीही सुधारले नाही तर पंपाचा रबरी पंखा बदलण्याची वेळ झाली आहे. हा पंखा दोन-तीन वर्षांत बदलावा आणि इंजिन पाण्यावाचून क्षणभरही सुरू करू नये, कारण कोरड्या घर्षणाने तो काही सेकंदांत झिजतो. खाऱ्या किंवा गढूळ पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने आतून धुवावे. त्यावरचे बलिदानी धातूचे तुकडे (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे) निम्मे झिजले की बदलावेत: गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम, खाऱ्यासाठी जस्त आणि दोन्हींसाठी ॲल्युमिनियम.

फायबरग्लासच्या होडीला केसासारख्या भेगा दिसल्यास त्या कुठे आहेत हे पाहावे. पृष्ठभागावरच्या विखुरलेल्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात, परंतु मागच्या फळीच्या कोपऱ्यात, इंजिनाच्या बोल्टांभोवती एकत्र जमलेल्या भेगा आतले लाकूड कुजल्याचे सांगतात. ती फळी बोटाच्या गाठीने ठोकत जावे. टणत्कार बदलून थडथड आवाज यायला लागला तेथे ओल आहे. ॲल्युमिनियमच्या होडीत सैल रिव्हेट शोधावेत आणि तिच्या तळाला तांबे असलेला रंग कधीही लावू नये, कारण दोन धातूंच्या विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते.

ट्रेलरकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, म्हणूनच तो वाटेत दगा देतो. दूरवर गाडी चालवून आल्यावर चाकांचे हब तापलेले असतात. ते लगेच पाण्यात घातले तर आतली हवा आकसून पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंगचे ग्रीस धुपते. धक्क्यावर थोडा वेळ थांबावे आणि हब हात टेकवता येईल इतके निवल्यावरच मागे सरकावे. वाटेत थांबल्यावर दोन्ही हबांना हात लावून पाहण्याची सवय ठेवावी: एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर त्याचे बेअरिंग जायला आले आहे. ट्रेलरच्या जोडावर होडीसह एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के भार पडला पाहिजे. तो कमी असला की वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेतो.

पाण्यातून बाहेर आल्यावर होडी धक्क्यावरच स्वच्छ करावी, बूच काढून सारे पाणी काढून टाकावे आणि दुसऱ्या तलावात जाण्यापूर्वी ती पूर्ण वाळू द्यावी. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या प्रदेशात १९८८ साली बाहेरून आलेले उपद्रवी झेब्रा शिंपले आढळले, आणि त्यांचा प्रसार पुढे होड्यांबरोबरही झाला, कारण त्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि टाकीतल्या थोड्याशा साचलेल्या पाण्यातही टिकतात. वनस्पतीचा तुकडा तेवढा काढला म्हणजे काम झाले असे नाही.

हंगाम संपल्यावर इंधनाची टाकी जवळजवळ पूर्ण भरून त्यात इंधन टिकवणारे द्रव्य मिसळावे आणि इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते द्रव्य इंधनाच्या सर्व मार्गांतून फिरते. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते आणि पुरेसे पाणी जमले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टरही त्याच वेळी बदलावा आणि दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉलचे इंधन इंजिनात घालू नये. बॅटऱ्या चार्ज करून काढून ठेवाव्यात. गिअरचे तेल हंगामाच्या सुरुवातीऐवजी याच वेळी बदलावे, कारण आत शिरलेले पाणी कडाक्याच्या थंडीत गोठले तर गिअरचा डबा फुटू शकतो. मग आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) वर तिरपे न ठेवता सरळ उभे ठेवावे, जेणेकरून थंड करणारे उरलेले पाणी आपोआप निथळून जाईल.